सिरक्याच्या अंगणातले कंकर

"मावशी, आमच्याकडे दगडात विष सापडलंय," असं मुग्धा फोनवर म्हणाली आणि मी लखनौचं तिकीट काढलं. बहिणीने विचारलं की एवढ्यासाठी कोणी लखनौला जातं का. लोक तिथे इमामबाडे बघायला जातात, कबाब खायला जातात, लेकीसुनांसाठी चिकनच्या भरतकामाचे कुर्ते आणतात. मी सांगितलं, तेही करीन, पण आधी दगड.

मुग्धा ही या बहिणीचीच मुलगी. भूविज्ञान शिकली आणि आता लखनौच्या एका संशोधन संस्थेत माती, पाणी, खनिजं यांच्या मागे असते. जावई हवाई दलात आहेत आणि सध्या त्यांची नेमणूक दुसरीकडे आहे, त्यामुळे जानकीपुरमच्या घरात ती आणि तिची मुलगी ईरा अशा दोघीच. मी सांगलीत जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. अर्सेनिक हा शब्द पोरांकडून पाठ करून घेतला, फळ्यावर लिहिला, पुसला, पण त्याची माझी समोरासमोर भेट कधी झाली नव्हती. ती आता होणार म्हटल्यावर मला गाडीत झोप लागेना. गाडी पोचायला उशीर झाला, चहा पाणचट होता, एवढं सांगितलं की त्या प्रवासाचं सगळं सांगून झालं.

जानकीपुरम

फेब्रुवारी संपत आला होता. आमच्याकडे या दिवसांत पंखे फिरू लागतात, इथे सकाळी मला मुग्धाची शाल ओढून घ्यावी लागली. ईरा दारातच गळ्यात पडली. आईशी, माझ्याशी तिला मराठीतच बोलायचं असतं, पण वाक्य तोंडातून निघेपर्यंत हिंदी होऊन जातं. "मावशीआजी, तुझ्यासाठी ना, मैंने अपना कमरा खाली किया है," असं तिने सांगितलं. सब्जी, भैया, अच्छा, हाँ हे शब्द तर मुग्धाच्याही बोलण्यात इतके मुरलेत की माझं "भाजी" ऐकून तिलाच घटकाभर परकं वाटत असावं.

जेवणाच्या टेबलावर एका परातीत बटाट्याएवढे, आल्याच्या कुडीसारखे वेडेवाकडे, मळकट पांढरे खडे ठेवले होते. हे कंकर. गोमतीच्या आजूबाजूला कुठेही खणा, चिकणमातीत हे निघतात. पावसाचं पाणी जमिनीतला चुना विरघळवून खाली नेतं आणि पाणी सुकलं की तो चुना मातीतच गोळा होत, थरावर थर चढवत असा खडा बनतो. जुन्या इमारतींचा चुना याच कंकरांना भाजून केलेला असे. म्हणजे सबंध नवाबी लखनौ एका अर्थी याच परातीतून उभं राहिलं, असं मी म्हटलं आणि ईराने ते पटलं नसल्यासारखा चेहरा केला.

"यात विष कुठे?" मी विचारलं.

मुग्धाने सांगितलं ते असं. खडा वाढत असताना आसपासच्या पाण्यात थोडं अर्सेनिक असेल तर तेही चुन्याबरोबर आत बसतं आणि अडकतं. चिक्कीत शेंगदाणा अडकतो तसं. गूळ कडक आहे तोवर शेंगदाणा हलत नाही. दगडातलं अर्सेनिकसुद्धा कोणाला काही करत नाही, उलट दगडाने ते धरून ठेवलं म्हणून पाणी चांगलं राहतं. पण चिक्कीला ओल लागली तर? जमिनीत काही आंबट मुरलं, काही कुजून हवा संपली, तर दगड विरघळू लागतो आणि आतला कैदी सुटतो. कुठल्या परिस्थितीत तो सुटतो आणि कुठल्या परिस्थितीत आतच राहतो, हे शोधणं म्हणजे मुग्धाचं काम.

मला इतका आनंद झाला की मी उठले, स्वयंपाकघरातून लिंबू आणलं, कापलं आणि समोरच्या सगळ्यात छान गोल खड्यावर पिळलं. खडा चरचरला, बारीक फेस आला. मी ईराला म्हटलं, बघ, हा कार्बन डायऑक्साइड, आणि मुग्धा खुर्चीतून उभी राहिली. त्या खड्याच्या पोटावर शाईने क्रमांक घातलेला होता. तो नमुना होता. मी लखनौत पोचून पुरता दिवस झाला नव्हता आणि सरकारी संशोधनावर लिंबू पिळून मोकळी झाले होते. ईरा हसून हसून टेबलाखाली गेली. मुग्धाने खडा पुसून बाजूला ठेवला आणि त्यापुढे लिंबू फ्रिजच्या वरच्या कप्प्यात, माझा हात पोचणार नाही तिथे, ठेवलं.

ईरा झोपल्यावर मग तिने खरी गोष्ट सांगितली. शहरापासून थोडं लांब एक गाव आहे. त्याचं नाव मी लिहीत नाही, का ते पुढे कळेल. तिथे दोन सख्ख्या जावांची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. दोघींच्या अंगणात हापसे. एकाच मिस्त्रीने, एकाच वर्षी, एकाच खोलीवर घातलेले. जमीन एक, माती एक, कंकर एक. त्यातला धाकट्या जावेचा हापसा स्वच्छ आणि मोठ्या जावेच्या हापशात अर्सेनिक, आणि तेही भरपूर. या मोठ्या जावेला सगळं गाव अम्मा म्हणतं. तिची सून पूनम पोटुशी आहे.

"मग तिला सांगितलंस का?"

नव्हतं सांगितलं. पाणी तपासायला नेताना बाटलीत आधीच थोडं आम्ल घालून ठेवतात. पहिल्या खेपेला पाणी जरा गढूळ आलं होतं आणि ते न गाळताच बाटलीत भरलं गेलं होतं. पाण्यात कंकराची धूळ असेल तर ती बाटलीतल्या आम्लातच विरघळते, आणि हापशात नसलेलं विष कागदावर दिसतं. म्हणून मागच्या आठवड्यात तिने पुन्हा जाऊन गाळून पाणी आणलं होतं. त्याचा निकाल दुसऱ्या दिवशी यायचा होता. तो येईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, कारण एकदा "इनके नल में ज़हर है" (हापशाला इकडे नळच म्हणतात) असं गावात झालं की ते परत घेता येत नाही, आणि अम्मांचं पोट त्यांच्या नावावर आहे. त्या उसाचा सिरका करतात. सिरका म्हणजे व्हिनेगार. त्यांचा सिरका घ्यायला लखनौहून गाड्या जातात.

मी मान डोलावली. पण ती बाई रोज ते पाणी पीत असेल हे मनातून जाईना. मुग्धाच्याही जात नसणार, कारण निजायला गेल्यावर तिच्या खोलीतला दिवा बराच वेळ चालू होता.

चौक आणि अमीनाबाद

निकालाची वाट बघत घरात बसलो असतो तर आम्ही एकमेकींवर खेकसलो असतो. म्हणून मुग्धाने सुट्टी टाकली आणि मला भल्या सकाळी चौकात नेलं, मक्खन मलाई खायला. ही फक्त थंडीत मिळते. दूध आटवून, घुसळून, दवात ठेवून त्याचा जो फेस होतो, तो केशर घालून पानाच्या द्रोणात देतात. मी चमचा तोंडात घातला आणि तो रिकामाच निघाला, तोंडात नुसता गोडवा. आमच्याकडे श्रीखंड खाल्लं की खाल्ल्यासारखं वाटतं, दुपारी झोप येते. हे म्हणजे देवाने वास घ्यावा आणि प्रसाद आपल्याला पाठवावा तसं. मी तीन द्रोण संपवले. मलाईवाल्याने चौथा माझ्यापुढे करत म्हटलं की यह तो हवा है माताजी, इसका क्या वज़न. मी तो पण घेतला.

अमीनाबादला रिक्षाने गेलो आणि पुढे चालत, कारण पुढे रिक्षालाच जागा नव्हती. दोन्ही बाजूंना कापड, मध्ये माणसं, डोक्यावर पुन्हा कापड. सांगलीच्या बाजारात मी घासाघीस करते तेव्हा दुकानदाराचा आवाज चढतो, माझाही चढतो आणि मग भाव उतरतो. इथे दुकानदाराने गादीवर बसवलं, चहा मागवला, माझी तब्येत विचारली, मी कुठून आले ते विचारलं, सांगलीच्या हळदीचं कौतुक केलं आणि भाव जिथल्या तिथे ठेवला. माझी हिंदी अशी की मी "यह रंग जाएगा क्या" असं विचारायला गेले आणि तो म्हणाला, आप कहेंगी तो जाएगा, नहीं तो रुका रहेगा. भांडायला जागाच नाही. मी तीन कुर्ते घेतले आणि फसले की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

चौथा कुर्ता पसरला होता तेव्हा मुग्धाचा फोन वाजला. ती दुकानाच्या पायरीवर जाऊन बोलली. परत आली तेव्हा मी तिच्याकडे न बघता विचारलं आणि तिने मराठीत, म्हणजे दुकानदाराला कळू नये म्हणून, सांगितलं की गाळलेल्या पाण्यातही आहे. तेवढंच आहे. म्हणजे बाटली निर्दोष होती आणि हापसा दोषी. दुसऱ्या दिवशी गुरुवार होता, ती तशीही दर खेपेला गुरुवारीच त्या बाजूला जाते. "तू येतेस?" तिने विचारलं. मी कुर्ता घडी करून दुकानदाराच्या हातात दिला.

खरं सांगते, मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी कधी एकदा तिथे पोचते असंही झालं होतं. एकच जमीन, एकच खोली, आणि एक हापसा कडू तर एक गोड. का? जन्मभर पोरांना "निरीक्षण करा" असं सांगत आले, आता माझी पाळी आली होती.

गुरुवार

शहर सुटलं तशी मोहरी सुरू झाली. दोन्ही बाजूंना इतकी पिवळी की बघून डोळे मिटावेत. मधेच ऊस. उसाची मला अपूर्वाई नाही, सांगलीची बाई उसात वाढते. पण आमच्याकडे ऊस म्हणजे साखर, नाहीतर गूळ. रस काढून तो मडक्यात भरून, तोंडाला फडकं बांधून महिनोन् महिने उन्हात ठेवायचा आणि आंबवायचा, हे आमच्या एकाही शेतकऱ्याला सुचलं नाही. आम्हाला आंबट हवं तर चिंच आहे, आमसूल आहे, लिंबू आहे. व्हिनेगार आमच्याकडे बाटलीतून येतो आणि चायनीजच्या गाडीवर बसतो. इथे त्याला मोहरीच्या तेलाची, जिऱ्याची, लाल मिरचीची फोडणी देतात आणि त्यात कांदे, मिरच्या, फणस काय वाटेल ते बुडवतात.

अम्मांच्या घराचा वास घराच्या आधी भेटला. आंबट, गोडसर, थोडा गुळाचा. अम्मा साठीच्या, ठेंगण्या, कपाळावरून पदर घेतलेल्या. मुग्धाची मौसी म्हटल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, खाटेवर बसवलं आणि आधी सिरक्यातला कांदा हातावर ठेवला. मी तो खाल्ला आणि माझे कान गरम झाले. इतकं आंबट, तिखट आणि मागून गोड असं मी काही खाल्लं नव्हतं. मी तसं सांगितलं. अम्मा खूश झाल्या, म्हणाल्या की सासू करत होती, तिची सासू करत होती.

पूनम आतून थाळी घेऊन आली. बावीस-तेविसाची, पाचवा-सहावा महिना असावा, चालताना एक हात कमरेवर. अवधात नुसतं पाणी देत नाहीत, बरोबर काही गोड हवंच. थाळीत गुळाचे खडे होते आणि पाण्याचा पेला एकच. तो माझ्यापुढे. मी पेल्याऐवजी गुळाचा खडा उचलला, आणि तेवढ्यात अम्मा कौतुकाने म्हणाल्या की बिटियासाठी नाही आणलं. हिचा गुरुवार. मागच्या दोन्ही खेपांनाही निर्जळ. आजकालच्या मुलींत एवढं नेम-धरम कोण पाळतं.

माझ्या तोंडाला कुलूप नाही. घरचे सगळे सांगतात, मलाही माहीत आहे. पाण्याचं मनात चालू असतानाही मी हसत सुटले आणि म्हणाले, "कौन, ये? इसको सकाळी पोहे नहीं मिले तो पूरा घर सिर पर लेती है। हमारे घर में किसी का गुरुवार नहीं है।"

आणि मुग्धाचा चेहरा बघितला.

नंतर तिने गाडीत सांगितलं की हा त्यांच्या कामाचा रिवाज आहे. तपासणी झाल्याशिवाय कुठलं पाणी प्यायचं नाही, आणि इकडे पाणी नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. म्हणून सगळेच उपास सांगतात. अख्ख्या विभागाला गुरुवार लागलेला आहे. हे मला आदल्या दिवशी सांगायला हवं होतं, असं मी तिला म्हटलं. तिने ते मान्य केलं.

पण हे नंतर. अंगणात तेव्हा अम्मांनी पेल्याकडे पाहिलं, मग मुग्धाकडे. त्यांना कळायला वेळ लागला नाही.

"हमार पानी काहे नहीं पिया, बिटिया?"

मुग्धा खाटेवरून उठली आणि अम्मांच्या समोर जमिनीवर उकिडवी बसली. तिने काही लपवलं नाही. नळाच्या पाण्यात अर्सेनिक आहे, पहिल्या वेळी शंका होती, दुसऱ्या वेळी खात्री झाली, तेच सांगायला आज आले, असं तिने सांगितलं. शेजारी छोटीच्या, म्हणजे धाकट्या जावेच्या, हापशाला काही नाही, हेही सांगितलं. अम्मांचा चेहरा आखडत गेला. त्या म्हणाल्या की हा नळ त्यांच्या मालकांनी घालून घेतला, गावात एवढं गोड पाणी कुठे नाही. छोटीचा नळ चांगला आणि त्यांचा वाईट, हे कोणी शिकवून पाठवलं? मग मला कळलं की घर वाटून घेतलं त्या दिवसापासून दोघी जावा एकमेकींशी बोलत नाहीत.

पूनम तशीच उभी होती. थाळी तिच्या हातातच होती. तिने सासूकडे पाहिलं नाही, मुग्धाला विचारलं.

"तो दीदी, हम कब से पी रहे हैं?"

मुग्धाने तिच्या हातातली थाळी घेऊन खाली ठेवली. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही.

अम्मा ताडकन उठल्या आणि आत गेल्या. मुग्धाने पूनमला जवळ बसवून सांगितलं की आजपासून हे पाणी बंद, उद्या लखनौला येऊन डॉक्टरांना दाखवायचं, पाणी थांबलं की शरीरातून बरंचसं हळूहळू बाहेर पडतं, घाबरून जाऊ नकोस. पूनम ऐकत होती. मला तिथे बसवेना. ज्या तोंडाने हे सगळं केलं ते घेऊन मी घराच्या मागच्या बाजूला गेले.

मागे मडकीच मडकी होती. उन्हात रांगेने ठेवलेली, फडकी बांधलेली. काही नुकतीच रिकामी केलेली, त्यात तळाला काळपट गाळ. आणि ही मडकी धुतात कुठे, तर तिथेच, हापशाशी. हापशाचा सिमेंटचा ओटा मधोमध तडकलेला. सगळा गाळ, सगळं आंबट धुवण त्या फटीत आणि भोवतीच्या मातीत. माती काळी, चिकट, पाय ठेवला की फसफसणारी. मी वाकून चिमूट उचलली आणि वास घेतला. नाकाला झिणझिण्या आल्या. मला परवाचं लिंबू आठवलं आणि मी ओरडले, "मुग्धा, गिरमिट आण."

गाडीत जमिनीला भोक पाडायचं हाताने फिरवायचं गिरमिट होतं. आम्ही दोघींनी मिळून ते ओट्याच्या कडेला घातलं. पहिल्यांदा काळी माती आली, मग पिवळी, मग खरखर लागली. वर काढलं. कंकर होते, पण काय कंकर. चघळून तोंडातून काढलेल्या खडीसाखरेसारखे. भोकं पडलेले, कडा झिजलेल्या, बोटांनी दाबले की भुगा. मुग्धाने गिरमिट उचललं. तशीच ती अंगणाच्या दुसऱ्या टोकाला गेली, जिथे कधी मडकं धुतलं नव्हतं, आणि तिथे भोक पाडलं. तिथले कंकर घट्ट, गुळगुळीत, शाबूत. एका अंगणात दोन जमिनी.

"मावशी," ती म्हणाली आणि तिने दोन्हीकडचा एकेक खडा माझ्यापुढे धरला. आम्ही दोघी चिखलात उभ्या राहून एकमेकींना धरून नाचायच्या बाकी होतो. एवढे दिवस तिने खत शोधलं, जुना गाळ शोधला, मिस्त्रीची चूक शोधली, आणि कारण होतं कांदा बुडवायच्या सिरक्यात. आंबट पाणी मुरत मुरत कंकर खात गेलं, गाळ कुजून खालची हवा संपली, आणि दगडाने इतकी वर्षं धरून ठेवलेलं सुटून नळात आलं. छोटी सिरका करत नाही, तिचे कंकर शाबूत, तिचं पाणी स्वच्छ. मुग्धा लगेच शास्त्रज्ञासारखी म्हणाली की हे अजून तपासून बघावं लागेल, मातीचे, गाळाचे नमुने न्यावे लागतील. पण तिचे डोळे चमकत होते, आणि माझेही.

मागे वळले तर अम्मा दारात उभ्या होत्या. किती वेळ होत्या कोण जाणे. आमचा आनंद त्यांनी पाहिला होता. मला तेव्हा फार लाज वाटली.

मुग्धाने काही भाषण केलं नाही. तिने दोन्ही खड्यांपैकी शाबूत खडा पाण्याने धुतला आणि अम्मांना सांगितलं की एका वाटीत तुमचा सिरका द्या. अम्मांनी स्वतः आणला, जुना, गडद. खडा त्यात पडला आणि त्याच्या अंगाला बुडबुडे फुटू लागले. आम्ही चौघी त्या वाटीभोवती बसलो. सिरका गढूळ झाला, खड्यावरून बारीक पांढरी धूळ सुटत राहिली. खाण्यात सिरका चांगलाच, जमिनीत ओतायचा नाही, एवढं मुग्धाने सांगितलं. मडकी लांब शेतात धुवायची, गाळात राख मिसळून खड्ड्यात टाकायचा, आणि नळ बंद ठेवायचा. गावात कोणालाही सांगताना सिरक्याचं नाव ती घेणार नव्हती, हेही तिने शब्द देऊन सांगितलं. मीही दिला, आणि तो पाळायचा म्हणून इथे गावाचं नाव नाही.

अम्मा वाटीकडे बघत राहिल्या. सिरका त्यांच्या सासूचा होता, नळ त्यांच्या मालकांचा. त्या दोघांनी मिळून काय केलं ते त्यांच्या डोळ्यांपुढे वाटीत चाललं होतं. मला काहीतरी धीराचं बोलावंसं वाटलं, पण त्या दिवशी मी पुरेशी बोलले होते.

पूनमने थाळीतला पाण्याचा पेला उचलला आणि अंगणात ओतून दिला. मग आतून बादली आणली आणि अम्मांना विचारलं की प्यायला कुठून आणू. गावात सरकारी नळ आहे, पण तो पार दुसऱ्या टोकाला. जवळचा नळ एकच, आणि तो छोटीचा. पूनमने ते नाव घेतलं नाही. मुग्धा उठायला लागली, म्हणाली, मी आणते, मला तर जायचंच आहे तिकडे नमुना घ्यायला.

अम्मांनी बादली पूनमच्या हातातून घेतली. पदर सारखा केला. दोन घरांमधल्या भिंतीला टोकाशी एक दार होतं, त्याची कडी गंजलेली. ती त्यांना दोन्ही हातांनी ओढावी लागली.

पलीकडे छोटी, म्हणजे अम्मांहून थोडीच लहान अशी एक कृश बाई, सुपात मेथी निवडत बसली होती. जाऊबाईंना दारात बघून तिचे हात थांबले. ती उठली नाही. अम्मा सरळ हापशाशी गेल्या आणि बादली नळाखाली ठेवली, पण दांड्याला हात लावला नाही. दुसऱ्याच्या घरचा नळ न विचारता चालवत नाहीत.

"पानी चाही," अम्मा म्हणाल्या. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

छोटीने भिंतीच्या दारातून आमच्याकडे, मग पूनमकडे पाहिलं. "बहू खातिर?"

"बहू खातिर।" अम्मा थांबल्या. "औ हमरे खातिर भी।"

छोटीने सूप खाली ठेवलं आणि उठून दांडा धरला. पहिलं पाणी आलं ते तिने बादली विसळून टाकून दिलं, बादली पुन्हा नळाखाली सरकवली आणि ती हापसायला लागली.